दहा वर्षांनी पुन्हा बिग वॉल एड क्लाइंबिंग (उंच कडा, भेगेत लावलेल्या साधनांवर वजन टाकत चढणं) करायचंय. लीडची सवय परत कशी आणू? जुनं सामान चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पार्टनर नियमित चढतो, पण सवय परत यावी म्हणून सगळ्या पिच (दोराच्या एका लांबीचे टप्पे) तुम्हीच लीड करणार, म्हणजे पुढे चढणार, आणि तो 'नुसता जुमार मारत' (दोर पकडणाऱ्या खटक्याने दोर चढत) मागून येणार. त्या 'नुसता' शब्दासाठी हे उत्तर लिहायला बसलोय. पहिल्या चार-पाच वेळा लीड त्याला द्या आणि तुम्ही सेकंड, म्हणजे मागून येणारा, व्हा. सेकंड म्हणजे हमाल, असं मानणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं वाद घातलाय आणि अजूनही एक पाऊल मागे यायला तयार नाही.

ताकद व्यायामाने परत येते. दहा वर्षांच्या खंडात खरा जातो तो हातांचा क्रम: आधी काय लावायचं, वजन कधी टाकायचं, मग काय सोडायचं. लीड करताना हा क्रम चुकला तर बहुतेक वेळा खालची प्लेसमेंट (भेगेत बसवलेलं साधन) तुम्हाला धरते. सेकंडचा चुकला तर तो दोरापासूनच सुटतो. म्हणून हा क्रम आधी घोटा, तोही सरळ भेगेवर, जमिनीपासून वीस-पंचवीस मीटरच्या आत. शिवाय दुसऱ्याने लावलेला प्रत्येक नट (धातूची पाचर) आणि कॅम (स्प्रिंगने फाकणारी पकड) स्वतःच्या हाताने काढताना तो नेमका कशावर टिकला होता हे कळतं. नजर अशीच परत येते.

आता क्लीनिंग, म्हणजे लीडरने लावलेलं सामान काढत वर येणं. दोन जुमार, दोन डेझी (हार्नेसला, म्हणजे कंबरपट्ट्याला, जोडणाऱ्या पट्ट्या), दोन एडर (पट्ट्यांच्या शिड्या), आणि कमरेला दोराचं टोक बांधलेलंच असायला हवं. वरच्या जुमारची डेझी अशी जुळवा की लटकल्यावर हात किंचित वाकलेला राहील. हात पूर्ण ताणला गेला तर जुमार पुढे सरकवायला प्रत्येक वेळी उठाबशी काढावी लागते आणि दुसऱ्या पिचला खांदे संपतात. दर सहा-आठ मीटरवर खालच्या दोराला आठाची गाठ मारून ती लॉकिंग कॅराबिनरने (कुलूपवाल्या कडीने) हार्नेसला लावा. पुढची गाठ लागल्याशिवाय मागची सोडायची नाही. दोन जुमार आहेत म्हणून गाठ नको, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. दातांचा जुमार साधारण चार ते सहा किलोन्यूटनला (सुमारे चारशे ते सहाशे किलोच्या ताणाला) दोराचं आवरण फाडायला लागतो, आणि ढिल्या दोरावर छोटीशी पडझडसुद्धा तिथवर पोचू शकते.

सरळ पिचवर प्लेसमेंटपाशी आलात की वरचा जुमार काढून तिच्या पलीकडे लावा. कॅराबिनर आणि जुमार यांच्यात वीतभर अंतर ठेवा, नाहीतर वजन आल्यावर जुमार त्यात रुततो आणि मागे घेता येत नाही. वजन वरच्यावर गेलं की प्लेसमेंट मोकळी होते. मग खालचा जुमार वर घ्या आणि नट काढा.

खरी परीक्षा ट्रॅव्हर्सची, म्हणजे आडव्या चालीची. इथे दोर तिरका जातो, जुमार पिळतो आणि कडेने दोर जुमारच्या दातेरी पकडीबाहेर निसटू शकतो. म्हणून जुमारच्या वरच्या भोकांतून दोराला वेढून एक कॅराबिनर लावा. प्लेसमेंट जवळजवळ असतील तर जुमारचा हट्ट सोडा; एडर थेट प्लेसमेंटवर लावून लीडरसारखे एडनेच पार व्हा, जुमार फक्त सोबत सरकवत न्या. हळू वाटतं, पण प्रत्येक ठिकाणी झोका खाण्यापेक्षा लवकर उरकतं.

प्लेसमेंट लांब असतील किंवा लीडरने पेंड्युलम (दोरावर झोका घेऊन बाजूला जाणं) घेतला असेल तर लोअर-आउट, म्हणजे दोर सोडत स्वतःला हळूहळू पलीकडे नेणं, करावाच लागतो. त्याचा क्रम असा. पेंड्युलमच्या अँकरला (कड्यातल्या पक्क्या आधाराला) डेझीने लटका. जुमार दोन्ही पलीकडच्या दोरावर लावलेले आणि शेवटची गाठ हार्नेसला आहे हे हाताने चाचपून बघा. कमरेच्या गाठीलगतच्या ढिल्या दोराचा दुहेरी पेटा करा, तो अँकरच्या रिंगमधून घालून परत स्वतःकडे आणा आणि बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या पट्टीच्या फासाला) लॉकिंग कॅराबिनरने लावा. पेट्याच्या मोकळ्या बाजूचा दोर हातात घट्ट धरून त्यावर वजन घ्या. आता डेझी सोडा, लीडचा दोर अँकरच्या कॅराबिनरमधून काढा आणि हातातला दोर हळूहळू सोडत पलीकडे जा. वजन पूर्ण जुमारांवर आलं की पेटा सोडा आणि दोर ओढून घ्या. यासाठी अंतराच्या जवळपास चौपट दोर लागतो. अंतर मोठं असेल आणि तेवढा दोर नसेल, तर टोक सोडून ते रिंगमधून ओवून घेतात. मग दुपटीत भागतं. पण त्या वेळी तुम्ही काही क्षण टोकाला बांधलेले नसता, तेव्हा आधी जवळची गाठ हार्नेसला हवी. दमलेल्या डोक्याने हा क्रम आठवत नाही. तो जमिनीपासून मीटरभर उंचीवर दोन बोल्टमध्ये वीस वेळा करा, शेवटचे पाच काळोखात हेडलॅम्प लावून.

एक जोड: जुमार हे नाव अ‍ॅडॉल्फ जूसी आणि वॉल्टर मार्टी या दोन स्विस माणसांच्या आडनावांवरून आलं, त्यांनी तो १९५८ साली आणला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्यावरचा 'नोज' हा मार्ग पहिल्यांदा पुरा झाला, तोही प्रुसिक (दोरावर आवळणाऱ्या) गाठींवर मैलोगणती चढउतार करून. दोर चढणं हे तेव्हापासूनच या खेळाचं निम्मं अंग आहे, दुय्यम काम नव्हे.

दोराने वर ओढायची सामानाची बॅगही सेकंडच्याच हातून सुटते. दोघांना तीन दिवस, माणशी रोज चार लिटर धरलं तर पाणीच चोवीस किलो. अन्न, झोपायचं सामान आणि पोर्टालेज (कड्यावर टांगायचा पलंग) मिळून पन्नास-साठ किलो सहज होतात. एवढी बॅग साध्या स्लिंगने अँकरला अडकवली असेल तर वजन असताना ती कुणालाच सोडवता येत नाही. त्यासाठी बॅगेला सात-आठ मिलिमीटर जाडीची सहा-सात मीटर दोरी कायमची बांधलेली ठेवा आणि अँकरला मुंटर हिच (दोर सावकाश सोडू देणारी गाठ), वर म्यूल गाठ (ती अडवून ठेवणारी), असं बांधा; वजनाखालीही ती सुटते आणि बॅग सावकाश बाजूला सोडता येते. बॅग सोडायच्या आधी लीडरने हॉलचा दोर ताणून पुलीच्या रॅचेटवर (दोर मागे न सरकू देणाऱ्या खटक्यावर) वजन घेतलंय याची आवाज देऊन खात्री करा. चढताना बॅग छताखाली अडकली तर ती मोकळी करायलाही सेकंडच लागतो, म्हणून त्याने बॅगेच्या फार पुढे निघून जायचं नाही.

लीडबद्दल थोडक्यात, कारण तुम्हाला मूळ गोष्टी माहीत आहेत. प्रत्येक प्लेसमेंट तपासा. आधीच्या खात्रीच्या प्लेसमेंटवर उभं राहून, नव्या प्लेसमेंटची डेझी ताठ ठेवून कमरेने आधी दाब द्या, मग झटके, शेवटचे जोरात. डेझी ढिली ठेवून उडी मारलीत तर ती तपासणी राहत नाही, पतन होतं. तोंड बाजूला वळवा. निसटलेला नट थेट दातांवर येतो. हुकवर (कपारीवर अडकवायच्या आकड्यावर) मात्र झटके देऊ नका, वजन हळूच सरकवा. पातळ पापुद्र्यामागे कॅम हुक (भेगेत पिळून बसणारा आकडा) लावला की तो पापुद्रा उचकटतो, तिथे तो वापरूच नका. वेळेचा अंदाजही आता नव्याने बांधा: चाळीस मीटरच्या सी१ (सर्वांत सोप्या क्लीन श्रेणीच्या, म्हणजे हातोडा न लागणाऱ्या) पिचला सुरुवातीला तीन तास गेले तरी घाबरू नका, पण दिवसाची आखणी त्याच हिशोबाने करा.

सामान. नायलॉन आणि डायनीमाचं जे काही आहे ते सरळ बदला: दोर, हार्नेस, डेझी, एडर, स्लिंग. बहुतेक उत्पादक कपाटात पडून राहिलेल्या अशा वस्तूंनाही जास्तीत जास्त दहा वर्षांचं आयुष्य देतात, आणि तुमची दहा झालीच आहेत. हेल्मेटही त्याच गाठोड्यात. धातूचं सामान टिकतं. कॅमच्या ट्रिगर वायर तुटल्यात का, स्प्रिंग परत येते का, कॅराबिनरचं गेट पूर्ण मिटतं का, दोराने घासून खोबण पडलीय का, जुमारचे दात आणि सेफ्टी कॅच शाबूत आहेत का, एवढं बघा. कॅम उत्तम असतील तर फक्त त्यांच्या स्लिंग बदलून घ्या. पोर्टालेजच्या फ्लायचं (वरच्या पावसाळी आवरणाचं) आतलं अस्तर चिकट लागत असेल किंवा सोलत असेल तर पावसात तो उपयोगाचा नाही. आणि पोर्टालेज एकदा हवेत टांगून उभारून बघा, सपाट जमिनीवर ते सगळ्यांनाच जमतं. नव्यात एकच गोष्ट आग्रहाने सुचवेन: दोन-तीन लहान ऑफसेट (एका बाजूने निमुळते) कॅम आणि ऑफसेट नटचा एक संच. जुन्या पिटॉनच्या (ठोकलेल्या खिळ्यांच्या) खाचांत ते असे बसतात की हातोडा बाहेर काढावा लागत नाही. अ‍ॅडजस्टेबल डेझी सोयीच्या आहेत, पण त्यांचं बक्कल शरीराच्या वजनापुरतंच आहे. पतन अडवायला ती नाहीत. शिवलेल्या डेझीतही एकाच कॅराबिनरमध्ये दोन शेजारचे कप्पे अडकवू नका, मधली शिवण उसवली तर कॅराबिनर साफ बाहेर येतं.

पहिला मार्ग म्हणून योसेमिटीतल्या वॉशिंग्टन कॉलमचा साउथ फेस मला सर्वांत योग्य वाटतो. श्रेणी सी१, तीन पिचवर डिनर लेज हा रुंद कट्टा, तिथून दोराने खाली उतरता येतं. लेजच्या वर कोर रूफ हे छत येतं, म्हणजे छताखालचं क्लीनिंग तिथेच भरपूर मिळतं. जमत असेल तर पहिल्या खेपेला फक्त लेजपर्यंत बॅग चढवा, रात्र काढा आणि उतरून या.

हे सगळं सी१-सी२ च्या क्लीन मार्गांसाठी. हातोडा लागणारे कठीण मार्ग किंवा एकट्याने चढणं हा वेगळा विषय, या वर्षी तिकडे वळू नका. खांद्याची जुनी दुखापत असेल तर पहिले दोन महिने वरच्या जुमारऐवजी ग्रिग्री (दोर आपोआप अडवणारं उपकरण) आणि पायातल्या एकाच जुमारवर दोर चढा. वेग कमी होतो, पण भार हातांवरून पायांवर जातो. आणि पार्टनरला हे उत्तर दाखवा, कारण कुठल्या पिचवर तुमचा लोअर-आउट बघायचा हे लीड करताना त्यालाच ठरवायचंय.