ऑकलंडचं तिकीट

प्रश्न : लेकीचं बाळंतपण मार्चमध्ये, ऑकलंडला. डिसेंबरातच जावं म्हणते, पण तिकीट परवडेना. काय करू?
— एक आई, सेलू

उत्तर : ताई, डिसेंबर-जानेवारी सोडा. तिकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, त्यात नाताळ. भाडं चढंच असतं. फेब्रुवारीच्या मध्यानंतरचं, मंगळवार-बुधवारचं बघा. जाण्या-येण्याचं एकदमच काढा.

मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, पुढे ऑकलंड दहा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. मी एकदा स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान तीन तास लेट, दुसऱ्याचे पैसे बुडाले. बॅगांच्या पट्ट्यापाशी उभी राहून रडले होते. तुमच्यावर ती वेळ नको. ऑस्ट्रेलियामार्गे स्वस्त दिसलं, तर विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो हे धरून चाला.

देवगिरी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते. विमान रात्रीचं घ्या, म्हणजे गाडी रखडली तरी जीव टांगणीला लागत नाही.

आणि डिंकाचे लाडू तुम्ही नेणारच! प्रवासाच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट लिहा. न सांगता सापडले तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो.