दातांच्या फटी साफ करायला काय घेऊ विचारणाऱ्या भाऊला

भाऊ, सुरुवातीलाच ढीगभर वस्तू मागवू नको. आधी आरशात नीट बघ. दात एकमेकांना चिकटून असतील तर साधा फ्लॉसचा धागा, आणि हिरड्या उतरून फटी मोकळ्या झाल्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश (तारेवर केस लावलेला, फटीत घालायचा छोटा ब्रश), तो धाग्यापेक्षा सोपा पण पडतो. बऱ्याच जणांना दोन्ही लागतात, पुढे धागा आणि दाढांना ब्रश.

धागा हातभर घे, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळ, मध्ये दोन-तीन सेंटिमीटरच ताणलेला ठेव. मग खरी चूक होते ती इथे, लोक धागा खटकन खाली दाबतात आणि हिरडी कापून घेतात. हळू मागेपुढे करत उतरव, दाताला कवेत घेतल्यासारखा वळव आणि वर-खाली घास, मग त्याच फटीतल्या शेजारच्या दातालाही तसंच.

ब्रशची तार फटीत घासली जायला नको, जोर लावावा लागला तर साइज मोठी आहे. डेंटिस्टकडून एकदा साइज बघून घे, गावातल्या मेडिकलवर बहुतेक एकच मिळते.

पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरून सोडू नको, हिरड्या सुजलेल्या असल्या की येतंच. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही तर मात्र दाखव.

आणि भरीत-भाकरी नाहीतर शेवभाजी हाणल्यावर ती शर्टाची सेफ्टी पिन तोंडात घालणं आधी बंद कर रे बाबा! वॉटर फ्लॉसरचं (पाण्याच्या धारेने फटी साफ करणारं मशीन) नंतर बघू. धागा-ब्रश रोज एकदा, रात्री झोपायच्या आधी.