सोडतीत लागलं, पडताळणीत अडलं
पालकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पहिलीच्या प्रवेशाबद्दल आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं काढून टाकली आहेत. बरीच पत्रं आरटीईची आहेत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत सोडतीनं मिळणाऱ्या २५ टक्के मोफत जागांची.

आम्ही हडपसरला भाड्याने राहतो. आरटीईच्या २५ टक्क्यांत अर्ज भरायचा आहे. आधारवर पत्ता गावचा आहे. घरमालक म्हणतात, करार नोंदवत नाही, नोटरी करून देतो. चालेल का?

चालणार नाही. दर वर्षी सर्वाधिक प्रवेश याच कागदावर अडकतात. अर्ज भरताना कुणी करार तपासत नाही, त्यामुळे अर्ज जातो, सोडतीत नंबरही लागतो आणि पडताळणी समितीच्या टेबलावर फाइल परत येते. भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा, अर्जाच्या तारखेच्या आधीचा हवा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. नंबर लागल्यावर घाईने केलेला करार उपयोगाचा नाही. समिती पहिली नजर तारखेवरच टाकते.

घरमालकांना दोन गोष्टी सांगा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी भाडेकरूची नव्हे, मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरी गोष्ट त्यांना जास्त पटेल: नोंद नसेल आणि उद्या वाद झाला, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोंदणीत मालकाचाच बचाव आहे. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये असते, मुद्रांक शुल्क वेगळं. आता अंगठे घेणारा माणूस घरी येतो, कचेरीत रांग लावावी लागत नाही.

करार झाला की त्याच पत्त्यावर आधारही बदलून घ्या. स्वतःचं घर असलेल्यांना रेशनकार्ड, वीजबिल, घरपट्टी, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक यांतलं एक पुरतं. मात्र कागदावरचा आणि अर्जातला पत्ता एकच हवा. ‘फ्लॅट ४, गल्ली २’ आणि नुसतं ‘काळेपडळ’ यांत समितीला दोन पत्ते दिसतात.

आता नकाशा. अर्जात पत्ता टाकला की नकाशावर एक लाल फुगा येतो. तो हातानं सरकवून आपल्या इमारतीवर नेऊन ठेवायचा असतो. शाळेचं अंतर पोर्टल त्या फुग्यापासून मोजतं, तुम्ही टाइप केलेल्या पत्त्यापासून नाही. सायबर कॅफेवाला घाईत फुगा चौकातच सोडतो, किंवा हव्या त्या शाळेजवळ मुद्दाम नेतो. मग पडताळणीत प्रत्यक्ष अंतर जुळत नाही आणि मिळालेला प्रवेश रद्द होतो. उपग्रहचित्र लावा, आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसेपर्यंत मोठं करा आणि मगच फुगा सोडा.

कॅफेतून अर्ज भरलात तर मोबाइल नंबर स्वतःचाच घालायला सांगा. तिथे पन्नास अर्जांना एकच नंबर टाकलेला असतो आणि सोडतीचा संदेश त्या दुकानात जाऊन पडतो. तसंही संदेशावर विसंबू नका, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः बघा. अर्ज नुसता ‘सेव्ह’ करून सोडू नका. ‘कन्फर्म’ केल्याशिवाय तो सोडतीत जात नाही. एकाच मुलाचे दोन अर्ज भरले तर शक्यता दुप्पट होत नाही, दोन्ही बाद होतात.

दहापर्यंत शाळा निवडता येतात, म्हणून दहाही भरायलाच हव्यात असं नाही. नंबर लागूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांत विचार होत नाही. पाठवणारच नाही अशी शाळा यादीत घालू नका. २०२५-२६ साठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज ३ लाखांच्या वर. नको असलेल्या शाळेत नंबर लागून वर्ष गेलं, असं त्यात कितीतरी जणांचं होतं.

आमचा ओबीसीचा दाखला आहे, पण उत्पन्न एक लाखाच्या वर. अर्ज करता येईल?

येईल. एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाची अट आर्थिक दुर्बल घटकाला आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग हे वंचित घटकात येतात, तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दाखला वडिलांचा किंवा मुलाचा आणि महाराष्ट्रातला हवा. इतर राज्यातला दाखला इथे धरत नाहीत. सोलापूर-कोल्हापूरकडच्या, सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबांची इथे हमखास अडचण होते. मुलाचं आधार अजून निघालं नसेल तर तात्पुरता प्रवेश मिळतो, ९० दिवसांत आधार आणून द्यायचं. आधार नोंदणीची पावती जपून ठेवा.

मुलगा २० नोव्हेंबर २०२० चा. जून २०२६ ला पहिलीत घालावं की वर्षभर थांबावं? सासूबाई म्हणतात वर्ष फुकट जाईल.

राज्याच्या नियमात वय ३१ डिसेंबरला मोजतात. २०२६ च्या ३१ डिसेंबरला तो ६ वर्षं १ महिन्याचा होतो, म्हणजे बसतो. पण वर्गात पाऊल ठेवेल तेव्हा तो ५ वर्षं ७ महिन्यांचाही नसेल आणि शेजारच्या बाकावर त्याच्याहून अकरा-बारा महिन्यांनी मोठं मूल असेल. या वयात एवढ्यानं पेन्सिलीची पकड बदलते. केंद्रीय विद्यालयात वय ३१ मार्चला मोजतात, तिथे तो २०२६ ला बसतच नाही.

आरटीईवाल्यांसाठी यात एक सोय लपलेली आहे. २०२५-२६ च्या सूचनेत पहिलीसाठी १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या काळातली जन्मतारीख चालत होती, म्हणजे कमाल वय ७ वर्षं ५ महिने ३० दिवस. हा हिशोब मांडला की दिसतं, जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीत उतरता येतं. जानेवारी ते जूनमधल्यांना एकदाच. तुमचा मुलगा पहिल्या गटात आहे. यंदा भरा, नाही लागला तर पुढच्या वर्षी पुन्हा भरा. मर्यादा दर वर्षीच्या सूचनेत छापलेली असते, ती आधी वाचून घ्या.

आरटीईत जायचं नसेल, तर बालवाडीच्या बाईंना तीन गोष्टी विचारा: बटणं स्वतः लावतो का, शी-शूला स्वतः सांगून जातो का, गोष्ट संपेपर्यंत बसतो का. तिन्हीला ‘नाही’ आलं तर थांबा. सासूबाईंना सांगा, वर्ष फुकट जात नाही, ते बालवाडीत जातं. जन्मतारीख मागेपुढे करून घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ती तारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर, पासपोर्टवर जाते आणि दुरुस्त करायला वर्षं लागतात.

घराजवळ नवी शाळा निघाली आहे. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलंय. खरी सीबीएसई कशी ओळखायची?

‘पॅटर्न’ हा शब्द दिसला की खिशावर हात ठेवा. मंडळाकडे अशी कुठली मान्यता नसते, असते ती संलग्नता किंवा नसते. २०२५-२६ पासून राज्य मंडळाच्या पहिलीलाही नव्या राष्ट्रीय आराखड्यावर बेतलेला अभ्यासक्रम आला आहे, त्यामुळे आता कोणीही ‘तोच पॅटर्न’ म्हणू शकतं.

शाळेकडून संलग्नता क्रमांक घ्या. महाराष्ट्रातल्या खासगी सीबीएसई शाळांचा क्रमांक सात आकडी, ११३ ने सुरू होणारा असतो. मंडळाच्या सारस पोर्टलवर तो टाकला की शाळेचं नाव, पत्ता, कितवीपर्यंत मान्यता आणि कोणत्या तारखेपर्यंत, सगळं दिसतं. यात पत्ता नीट वाचा. संस्थेची एक शाखा संलग्न असते आणि दुसऱ्या शाखेचे फलक त्याच क्रमांकावर लागतात. संलग्नता त्या जागेला असते, संस्थेच्या नावाला नाही.

नवी शाळा पहिली-दुसरीपुरतीच असेल, तर संलग्नता अजून नसूही शकते. तेवढ्यानं ती बोगस ठरत नाही, पण राज्य शासनाची परवानगी आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मात्र हवाच. हा क्रमांक ११ आकडी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. शाळेनं तो सांगायला टाळाटाळ केली तर तिथून निघा.

मग एकच प्रश्न विचारा: ‘शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कोणत्या शाळेचं नाव येईल?’ विनापरवाना शाळांचा ओळखीचा प्रकार असा की मूल इथे शिकतं आणि हजेरीपटावर नाव दुसऱ्याच मान्यताप्राप्त शाळेच्या. पाचवीला शाळा बदलताना दाखला वीस किलोमीटरवरच्या, कधी न पाहिलेल्या शाळेचा हातात येतो. फीच्या पावतीवरचं नाव आणि फलकावरचं नाव ताडून बघा, तिथेच पुष्कळ कळतं.

अशा शाळेला कायद्यानं एक लाखापर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला १०,००० पर्यंत. पण दंड सरकारात जमा होतो, तुमची फी परत येत नाही. मुलाचं वर्ष मात्र वाचतं: आरटीईच्या कलम ४ खाली वयानुरूप वर्गात प्रवेश मागता येतो.

पहिलीसाठी मुलीला रंग आणि आकडे विचारले, आमच्या पदव्या लिहून घेतल्या आणि ‘इमारत निधी’ म्हणून रोख रक्कम मागितली, पावती मिळणार नाही म्हणाले.

आरटीईच्या कलम १३ नं या दोन्ही गोष्टींना बंदी आहे. मुलाची किंवा पालकांची चाचणी घेतली तर पहिल्या वेळी २५,००० आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. कायदा कडक आहे, अडतं ते पुराव्यावर. तोंडी मागितलेली रक्कम सिद्ध होत नाही. म्हणून घरी येऊन शाळेला साधी मेल टाका: ‘आज सांगितलेल्या इमारत निधीच्या रकमेचा तपशील व भरणा करण्याचं खातं कळवावं.’ बहुतेक शाळा यावर एकतर गप्प बसतात किंवा ‘तसं काही नाही’ असं लिहून देतात. दुसरं उत्तर तुमच्या कामाचं.

फीचं पत्रकही मागा. शुल्क विनियमन कायद्यानुसार फीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. मंजूर पत्रकात ‘इमारत निधी’ कधीच नसतो. तक्रार महापालिका हद्दीत पालिकेच्या शिक्षण विभागाकडे, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आरटीईतून नंबर लागला तर फी बारावीपर्यंत माफ?

आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फीचं पत्रक हातात येतं आणि घरात रडारड होते. शासन शाळेला मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देतं आणि तेही उशिरा पोचतात, म्हणून काही शाळा सहल, स्नेहसंमेलन, उपक्रम अशा नावांनी पैसे मागत राहतात. प्रवेशाच्या दिवशीच काय लागेल ते लेखी विचारा. आणि आठ वर्षांनंतरच्या फीसाठी महिन्याला थोडे बाजूला टाकायला पहिलीपासूनच लागा.

चारशे मीटरवर जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि नऊ किलोमीटरवर नावाजलेली इंग्रजी शाळा. व्हॅन आहे. काय करावं?

आधी जवळची शाळा आतून पाहा. नुसता रंग उडालेला फाटक बघून ठरवू नका. पट आणि शिक्षकसंख्या विचारा: साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक हवेत, त्यापुढे साधारण तीस मुलांमागे एक. दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळत असतील आणि त्यांतले एक सतत ऑनलाइन माहिती भरण्यात असतील, तर अडचण आहे. तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातलं पान वाचायला सांगा. अडखळत का होईना, वाचलं तर तिथे शिकवणं चालू आहे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, ते मधल्या सुट्टीत जाऊन बघा, सकाळी धुतलेलंच असतं.

मग व्हॅन. नंबरप्लेट पांढरी असेल तर ती खासगी गाडी आहे, भाडं घेऊन मुलं नेण्याचा तिला परवाना नाही. अपघात झाला तर विम्याचं भांडण तिथूनच सुरू होतं. नऊ किलोमीटर म्हणजे वाटेत चौदा घरं घेत पाऊण-एक तास. पहिलीचं मूल सकाळी सव्वासहाला उठणार आणि दुपारी जेवायच्या आधी झोपणार. दप्तराचंही वजन करा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो सांगितलं आहे, डबा-बाटली धरून ते किती होतं ते घरच्या काट्यावर दिसेल.

इंग्रजीची ओढ असेल तर हेही लक्षात घ्या: घरी कुणी इंग्रजी बोलत नसेल तर पहिली-दुसरीत मूल वाक्यं पाठ करतं, समजून घेत नाही. चौथीपर्यंत मराठीत वाचायला पक्कं झालेलं मूल पाचवीला सेमी-इंग्रजीत टाकलेलं बरं टिकतं. मात्र जवळच्या शाळेत तिसरीच्या मुलाला ते पान वाचता आलं नाही, तर माध्यमाचा विचार बाजूला ठेवा आणि दोन-तीन किलोमीटरच्या आत तिसरी शाळा शोधा.