तिची वही तिला परत द्या

पत्र : माझं संगमनेर तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते, पण अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ११ पडले. जगात टिकायचं तर रोजच्या जगण्यात ठरवून शिकलं पाहिजे, हे मला पटलं आहे. म्हणून तिचा दिवस मी आखून दिला. पहाटे साडेचारला उठायचं, रात्री साडेअकराला झोपायचं. जेवताना इंग्रजी भाषणं ऐकायची, बसमध्ये चालू घडामोडी, रोज २० इंग्रजी शब्द पाठ, रात्री कोडिंगचा ऑनलाइन कोर्स. रविवारी ती दुकानात बसायची आणि शेतकऱ्यांचे प्रश्न एका वहीत लिहून ठेवायची. त्यात वेळ जायचा, म्हणून ते बंद केलं आणि वही काढून घेतली. आधी कुरकुर करायची. आता काही विचारत नाही, त्यामुळे वेळही वाचतो. नीट, सीईटी की आतापासूनच यूपीएससीचा पाया? आणखी कोणता कोर्स लावू? माझं शिक्षण बारावी. आमच्या धंद्यात देसी डिप्लोमा कर म्हणतात, पण ४८ व्या वर्षी आपल्या डोक्यात काय शिरणार?

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं वाक्य मार्कांचं नाही. ‘आता काही विचारत नाही, त्यामुळे वेळही वाचतो,’ हे ते वाक्य. सतरा वर्षांची मुलगी, जी काल-परवापर्यंत अनोळखी शेतकऱ्यांचे प्रश्न हौसेनं लिहून ठेवत होती, ती घरात प्रश्न विचारायची थांबली. तुम्ही त्याला वेळेची बचत समजलात. मला ती धोक्याची खूण वाटते. कुरकुर करणारं मूल अजून तुमच्याशी बोलत असतं. गप्प झालेल्या मुलाला आपलं म्हणणं कोणी ऐकणार नाही, याची खात्री पटलेली असते.

म्हणून कोर्सचं नंतर बघू. आधी आज रात्री तिच्याजवळ बसा आणि अभ्यासाचा विषय न काढता बोला. तिच्या आईलाही विचारा, ती नीट जेवते का, मैत्रिणींशी बोलते का, उगीच रडू येतं का. हे गप्प राहणं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास चालते. तिथे पालकही फोन करू शकतात.

दुसरी गोष्ट झोपेची. साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं बसतं ते बरंचसं झोपेत. म्हणजे ती रात्री अकरापर्यंत जे पाठ करते, तेच टिकवणारी झोप तुमचं वेळापत्रक कापून टाकतं. फिजिक्सचे मार्क मला घाबरवत नाहीत. दहावीतून अकरावी सायन्सला गेल्यावर पहिल्या चाचणीत अनेक हुशार मुलं घसरतात, कारण विषयाची खोली एकदम वाढते. हे मार्क सावरता येतील, पण रोज पाच तास झोपणाऱ्या मुलीकडून नाही. पहाटेचा गजर आजपासून बंद करा.

आता तुमच्या मनातल्या एका गैरसमजाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळं वेळापत्रक त्यावरच उभं आहे. जितका वेळ कानावर आणि डोळ्यांसमोर काहीतरी येत राहील, तितकं शिकणं होईल, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि मग उतारा न पाहता, जे आठवेल ते तीन वेळा लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. डोळ्यांखालून पुन्हा पुन्हा गेलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आलेलं, असं आपण समजतो. तुमची लेक जेवताना भाषणं ऐकते, बसमध्ये घडामोडी ऐकते, पण त्यातलं काही आठवून बघायला, कोणाला सांगायला किंवा ‘हे असं का?’ म्हणून अडायला तिच्या दिवसात जागाच नाही. जेवणाच्या ताटासमोरचा मोबाइल तर पहिला उचला. घरातली माणसं दिवसातून एकदा एकत्र बसतात, त्या वेळी तिला तुमचा आवाज ऐकू येऊ दे.

आणि आता त्या वहीबद्दल. मला सगळ्यात जास्त राग आला तो तिथे.

‘रोजच्या जगण्यात ठरवून शिकणं’ तुम्हाला पटलं आहे, असं लिहिता. तुमच्या घरात ते एकच माणूस करत होतं आणि तुम्ही ते थांबवलंत. त्या वहीत काय असेल याचा मी अंदाज करू शकते, कारण कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर काय विचारलं जातं ते ठाऊक आहे. कांद्याला डीएपी खत किती आणि युरिया किती? समजा, एकरी ४० किलो नत्र (नायट्रोजन) आणि २० किलो स्फुरद (फॉस्फरस) द्यायचं आहे. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. स्फुरदासाठी साडेत्रेचाळीस किलो डीएपी लागेल, त्यातून पावणेआठ किलोच्या आसपास नत्र आलंच. उरलेलं नत्र ४६ टक्क्यांच्या युरियातून म्हणजे साधारण ७० किलो, आणि गोणी येते ४५ किलोची. काउंटरवर उभं राहून, समोर माणूस थांबलेला असताना हे गणित ज्या मुलीनं मांडलं, तिला रसायनशास्त्रातली द्रावणांची आणि प्रमाणाची उदाहरणं परकी वाटणार नाहीत.

किंवा फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचा तो रंगीत त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे ‘जालीम, किडीवर जास्त चालणारं’ असा समज असतो. खरं तर तो रंग माणसाला असलेला धोका सांगतो, किडीवरचा परिणाम नाही. प्रयोगातले निम्मे प्राणी किती मात्रेला मरतात, त्यावरून तो ठरतो. शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५००० च्या वर असेल तर हिरवा. किंवा ‘मागच्या वर्षी याच औषधानं फुलकिडे गेले, यंदा दाद का देत नाहीत?’ हा प्रश्न. एकाच गटातलं औषध वारंवार फवारलं की त्याला तोंड देऊ शकणारे थोडे किडे तेवढे वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. बारावीच्या जीवशास्त्रात ‘नैसर्गिक निवड’ म्हणून जे येतं, ते तुमच्या दुकानात दर हंगामात घडतं. हा प्रश्न ज्या मुलीनं स्वतःहून वहीत लिहिला असेल, तिला तो धडा पाठ करावा लागणार नाही.

ठरवून शिकणं म्हणजे दिवसभर शिकणं नव्हे. स्वतःचा एक प्रश्न असणं, त्याचं उत्तर शोधण्यासाठी थोडा राखून ठेवलेला वेळ असणं आणि मिळालेलं उत्तर खरं आहे का हे तपासण्याची सवय असणं, एवढंच. पण यातला पहिला भाग तिचाच असावा लागतो. प्रश्न तुम्ही ठरवलात की ती फक्त हुकूम पाळते, आणि हुकूम पाळण्याची सवय घर सोडून वसतिगृहात गेल्यावर आठवडाभरही टिकत नाही. दहावीपर्यंत पालकांच्या धाकानं उत्तम मार्क मिळवलेली आणि कॉलेजात गेल्यावर आज काय वाचायचं हे स्वतः ठरवता न येणारी मुलं माझ्यासमोर नेहमी बसतात. त्यांच्याकडे बुद्धी असते. स्वतः निवडण्याचा सराव नसतो.

वेळापत्रकाचं काय करायचं, ते सांगते. शब्दांची यादी, बसमधल्या घडामोडी, कोडिंग, सगळं काढा. तिला कोडिंग आवडत असेल तर ती स्वतः मागेल. कॉलेज आणि क्लास राहू द्या. संध्याकाळी पुस्तक मिटून, आज फिजिक्सला काय झालं ते दहा-पंधरा मिनिटं कोऱ्या कागदावर लिहायचं आणि मग पुस्तक उघडून काय सुटलं ते बघायचं. सुटलेलं दोन दिवसांनी पुन्हा आठवून बघायचं. तो कागद तुम्ही तपासायचा नाही. रोज अर्धा-पाऊण तास असा, की त्यात काय करायचं हे कोणीही विचारणार नाही. रविवारी सकाळी दुकान, तिला यायचं असेल तरच. आणि वही तिच्या हातात द्या, ‘माझं चुकलं’ असं म्हणून द्या. बाप चूक कबूल करतो, हे मुलीनं पाहण्यात तुमचं काही कमी होत नाही.

परीक्षांबद्दल थोडक्यात. नीट परीक्षेत अकरावी-बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम येतो, तेव्हा निर्णय मार्चपर्यंत थांबवला तरी आजचा अभ्यास वाया जात नाही. जीवशास्त्र गटातून सीईटी दिली की राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या चार वर्षांच्या बीएस्सी कृषी पदवीचा रस्ता खुला राहतो. वहीवरून मला तिचा कल तिकडे असावा असं वाटतं, पण हे तिला विचारा, मला नको. यूपीएससीला किमान वय २१ आहे. तो विषय घरात काढूच नका.

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तो सोडणार नाही. आणखी कोणता कोर्स लावू, असं विचारलंत ना? देसी लावा. स्वतःला. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेनं २००३ मध्ये खास खत-बियाणं-औषध विक्रेत्यांसाठी सुरू केलेला हा वर्षभराचा डिप्लोमा आहे. वर्ग आठवड्यातून एकदा, रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी भरतात, दुकान बंद ठेवावं लागत नाही. माती, खतं, कीड-रोग, बियाणं, कायदे असं सगळं त्यात येतं आणि शेतांवरच्या भेटीही असतात. दहावी झालेल्यालाही प्रवेश मिळतो, तुम्ही तर बारावी आहात. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करा, बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्रही तुम्हाला जवळ आहे.

४८ व्या वर्षी डोक्यात काय शिरणार, असं तुम्ही म्हणता आणि सतरा वर्षांच्या मुलीनं दिवसाचे एकोणीस तास शिकावं अशी अपेक्षा धरता. शिकणं ही लहान वयातली सक्ती आहे आणि मोठं झालं की तिच्यातून सुटका होते, हे ती तुमच्याकडे बघूनच शिकते आहे. गेली इतकी वर्षं दुकान चालवताना तुम्ही शेकडो शेतांचा अनुभव घेतलाय. त्यातलं बरंचसं वर्गात ऐकल्यावर ‘अच्छा, म्हणून तसं होतं होय’ असं तुमच्या तोंडून निघेल. अडेल ते इंग्रजी नावांपाशी आणि टक्केवारीच्या गणितांपाशी. तिथे घरात विचारायला माणूस आहे. तिला विचारा, आणि तिनं समजावलेलं समजलं नाही तर पुन्हा विचारा.

कोर्ससाठी बाजूला ठेवलेले पैसे तुमच्या प्रवेशाला वापरा. महिनाभरानं मला पुन्हा लिहा. या वेळी पत्रात तिचं म्हणणं तिच्या शब्दांत असू द्या, आणि ते पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.