लेकीला बंदरावर येऊ द्या

पत्राचा गोषवारा: तीन पिढ्यांची डोलीची (पिशवीसारख्या जाळ्याची) मासेमारी, वडील स्वतः तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. मुलीनं मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. सीईटीत 86 पर्सेंटाइल, ‘पण त्याचा काही उपयोग नाही’. तिला खेकडे (चिंबोऱ्या), कोळंबी, शेवंड (लॉब्स्टर) यांवर संशोधन करायचं आहे. वडील लिहितात, ‘खेकड्यांचं शिकायला कॉलेज कशाला? ते मीच सांगतो. नीटला तिसऱ्यांदा बसवतोय. मोबाईल काढून घेतलाय, बंदरावर यायची बंदी केलीय. तुम्ही तिला समजावा.’

नमस्कार,

तुम्ही मला प्रश्न विचारलेलाच नाही, काम सांगितलंय. ते मी करणार नाही.

तुमच्या पत्रातल्या गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही. अडखळले ती बंदरावर यायच्या बंदीपाशी. मोबाईल काढून घेणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. पण जिथं ती लहानपणापासून टोपल्यांत हात घालून चिंबोऱ्या उलट्यापालट्या करून बघत आली, तीच जागा तुम्ही शिक्षा म्हणून बंद केलीत. थंडीपावसात डोलीवर रात्री काढलेल्या माणसाला, पोरीच्या हाताला खारं पाणी लागू नये असं वाटणारच. ते मला कळतं. पण दोन वर्षं खोलीत बसवून तिचा समुद्र सुटला नाही, हे तुम्हीच लिहिलंय. यंदा परत परीक्षेला बसताय ते खरं तर तुम्ही. तिचं नाव फक्त हॉलतिकिटावर असेल.

आता ‘मीच सांगतो’ याविषयी. अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हे तुम्हाला ठाऊक आहे. जवळा कधी येतो, करंदी कुठे मिळते, हेही. पण हातातली चिंबोरी किती वर्षांची, हे सांगाल? माशाच्या कानात हाडासारखा एक बारीक खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वलयं पडतात आणि त्यावरून वय काढता येतं. खेकडा, कोळंबी, शेवंड वाढताना आख्खं कवचच टाकून देतात, त्यामुळे वयाची खूण अंगावर सहसा उरत नाही. (पोकळ चिंबोरी ही बरेचदा नुकतीच कवच टाकलेली असते, अंगात मांसापेक्षा पाणी जास्त.) मग संशोधक दर महिन्याला शेकड्यांनी कवचं मोजतात, माद्यांच्या पोटाशी अंडी आहेत का बघतात आणि मापांचा गठ्ठा महिन्यागणिक कसा पुढे सरकतो त्यावरून वाढीचा वेग काढतात. किती पकडलं तर पुढच्या वर्षी उरेल, हा हिशेब त्याशिवाय मांडता येत नाही. बंदरावर वही घेऊन मासळीच्या नोंदी करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांतली काही कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची असतात.

हा हिशेब चुकला की काय होतं, ते तुमच्या वडिलांच्या पिढीनं पाहिलंय. मुंबईपुढच्या समुद्रात चपट्या शेवंडीची मासेमारी 1978 च्या सुमारास ट्रॉलरवर सुरू झाली आणि 1994 पर्यंत बसली. अंड्यांवरच्या माद्याही जाळ्यात येत होत्या. निर्यातीच्या चपट्या शेवंडीला किमान 150 ग्रॅम वजनाची अट लागली ती 2003 मध्ये. शेवंड कुठे मिळते हे सगळ्यांना माहीत होतं. किती उरलीय हे सांगणारी माणसं मात्र थोडी होती.

वाट नेहमीचीच: सीईटीवर चार वर्षांचं बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी (रत्नागिरीजवळ शिरगावला कॉलेज आहे), मग वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत किंवा अन्यत्र एमएफएससी, पुढे पीएचडी आणि कृषी संशोधन सेवेची परीक्षा. म्हणजे त्या 86 पर्सेंटाइलचा उपयोग आहे. प्रवेश फेऱ्यांचे अर्ज चुकवू नका, जागा थोड्या असतात.

फसवणार नाही. कायम नोकरीच्या जागा कमी आहेत. पीएचडीनंतरही काही वर्षं प्रकल्पावर कंत्राटी काम करावं लागतं, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. तिच्या डॉक्टर झालेल्या मैत्रिणी तोवर स्थिरावलेल्या असतील आणि जत्रेत कुणीतरी तुम्हाला ते ऐकवेल. ते सोसायची तयारी तिच्याइतकीच तुमचीही हवी. शिवाय काम पाण्याखाली कॅमेरा घेऊन पोहण्याचं नाही. पहाटे वासात उभं राहून मोजायचं, दुपारी प्रयोगशाळेत पोट फाडून बघायचं, रात्री आकडे भरायचे. हे तिला ठाऊक आहे का, ते मला माहीत नाही, कारण तिचं एकही वाक्य तुम्ही पत्रात येऊ दिलं नाहीत.

तर असं करा. प्रवेशाचा अर्ज तिला भरू द्या. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून होड्या लागल्या की पंधरा दिवस तिला पहाटे बंदरावर न्या. सोबत वही आणि मापं घ्यायला व्हर्नियर द्या. एकाच जातीच्या चिंबोऱ्या, रोज पन्नास: कवचाची रुंदी, नर की मादी, अंडी आहेत की नाहीत. सोळाव्या दिवशी तिनं मला स्वतः लिहावं. ते पत्र तुम्ही आधी वाचू नका.