खेकड्यांच्या बिळांमुळं खाडीचा चिखल वाहून जातो का?

खेकडे आणि किडे बिळं करतात म्हणून खाडीचा चिखल सैल होऊन वाहून जातो का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचा, पण गगनबावड्याकडं आमची भातशेती आहे. तिथं खेकड्यानं बांधाला आरपार बीळ पाडलं की वरच्या खाचरातलं पाणी खाली पळतं आणि पळता पळता बीळ रुंद करतं. वडील चिकणमातीचा गोळा करून टाचेनं आत ठोकायचे. बांधात खेकडा म्हणजे नुकसानच.

खाडीत हिशेब वेगळा. बांधाच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला मोकळं. खाडीचा चिखल सपाट, पाणी वरून ये-जा करतं. त्यामुळं तिथं आतल्या भोकापेक्षा वरची कातडी महत्त्वाची. घाट उतरून विजयदुर्गाकडं गेलो होतो, तेव्हा ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसली. बोटाला घेतली तर बुळबुळीत. ही डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची साय. त्यांचा चिकट स्राव मातीचे कण खळीसारखे धरून ठेवतो.

ही साय खाल्ली गेली की चिखल सुटतो. एक नांगी भलीमोठी असलेला तो छोटा खेकडा बघा: वरचा चिखल तोंडात घालतो, खाण्याजोगं घेतो, उरलेल्याच्या गोळ्या करून टाकतो. बिळातली मातीही वर आणतो. हे सगळं पुढची भरती सहज उचलते. उलट काही किडे बिळाची भिंत आपल्या चिकट स्रावानं सारवून घेतात. अशा नळ्या दाट असल्या तर चिखल बांधला जातो, विरळ असल्या तर प्रत्येक नळीभोवती पाणी घुमून खरवडतं.

मला सगळ्यात आवडतं ते कॅनडातल्या फंडीच्या उपसागरातलं उदाहरण. 1993 साली छापलेल्या अभ्यासात दिसलं, की स्थलांतरी तुतवार पक्षी आले, त्यांनी चिखलातले कोरोफियम नावाचे कोळंबीच्या गोतातले बारके जीव खाल्ले, शैवाल खाणारे कमी झाल्यावर साय वाढली आणि चिखल घट्ट झाला. पाखरांनी चिखल राखला!

स्वतः बघायचं असेल तर ओहोटीला बिळाच्या तोंडाजवळच्या मातीवर आणि हातभर लांबच्या, साय धरलेल्या चिखलावर ओंजळभर पाणी हळूच सोडा. आधी कुठलं गढूळ होतं ते बघा.