'गजाल' आणि 'मुलाखत'

प्रश्न असा आहे: मालवणजवळच्या एका गावात रापणीचा (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून करायच्या मासेमारीचा) अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीने अहवालात 'अनौपचारिक मुलाखत' लिहावे, की लोक म्हणतात तसे 'गजाल'?

'मुलाखत' हा शब्द मूळ अरबी. अर्थ नुसता भेट. हिंदीत तो अजून तसाच आहे. मराठीत मात्र आता मुलाखत म्हटली की एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे आणि कोण कोणाला विचारणार हे आधीच ठरलेले. 'अनौपचारिक' जोडले तरी ही मांडणी मोडत नाही.

गजालीत ती नसतेच. मालवणीत गजाल म्हणजे गोष्टही, बाबही आणि गप्पाही. 'ती गजाल येगळी' म्हणजे तो मुद्दा वेगळा; 'गजाली करूक बसले' म्हणजे गप्पांना बसले. मी एकदा वही उघडून एका म्हाताऱ्या रापणकराला माशांचा वाटा कसा घालतात ते विचारले. उत्तराऐवजी प्रश्नच आला: "तू खंयचो? आवस खंयच्या घरातली?" आईचे माहेर सांगून झाले, वही पिशवीत गेली, दोराला हात लागला, तेव्हा वाट्याचा विषय त्यांनी आपणहून काढला. त्या सकाळी मुलाखत झालीच असेल तर माझी झाली!

मानववंशशास्त्रालाही याचे वावडे नाही. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर लोकांमध्ये तंबू ठोकून राहिला, त्यांची भाषा शिकला आणि १९२२ साली त्याने लिहिले की संशोधकाने अधूनमधून वही-पेन्सिल बाजूला ठेवून जे चालले आहे त्यात सामील व्हावे. मराठीत याला 'सहभागी निरीक्षण' म्हणतात. शब्द जड, पण चालेल. 'क्षेत्रकार्य' (फील्डवर्क) मात्र मला खटकतो. कोकणात क्षेत्र म्हटले की गणपतीपुळे आठवते आणि कार्य म्हणजे अभिषेक.

तर वेळ ठरवून, प्रश्न काढून बसला असाल तिथे 'मुलाखत'च लिहा. तिला गजाल म्हणणे म्हणजे उगाच गावपण मिरवणे. बोलणे ओघात निघाले असेल तिथे 'गजाल' लिहा, पहिल्या वेळी कंसात 'गप्पा' द्या. एक अडचण उरते. गजालीत बोललेला माणूस अहवालासाठी बोललेला नसतो. त्याचे वाक्य छापण्याआधी त्याला पुन्हा जाऊन विचारा, आणि तेव्हा वही उघडी ठेवा.